युरोपातला पहिला करार: अमेरिकन बास्केटबॉलपटूने काय तपासावं, काय लिहून घ्यावं

एनबीए ही अमेरिकेतली सर्वांत वरची लीग. तिच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, दरवर्षी जेमतेम साठ नावं पुकारली जातात आणि त्यांतही बाहेरच्या देशांतली मुलं असतात. अमेरिकेत पहिल्या श्रेणीत खेळणारी कॉलेजं मात्र साडेतीनशेच्या वर आहेत. उरलेल्यांपैकी ज्याला खेळूनच पोट भरायचंय, त्याच्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. एक जी लीगची, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगची, जिथे अख्ख्या मोसमाचे ४० हजार डॉलरच्या आसपास मिळतात. दुसरी युरोपची. इथे जे लिहिलंय ते दुसऱ्या वाटेबद्दल. खेळाडूला खेळता येतं हे गृहीत धरलंय. चांगले खेळाडू युरोपात अडकतात ते बहुतेक वेळा कोर्टवर नाही, कागदावर.

नमुना म्हणून काइल हाइन्सची कारकीर्द समोर ठेवावी. उंची १९८ सेंटीमीटर, म्हणजे सेंटरसाठी एनबीएच्या हिशेबात बुटका. २००८ मध्ये ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही. तो इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत, वेरोली नावाच्या छोट्या गावाच्या संघात गेला आणि तिथे दोन मोसम काढले. मग जर्मनीत बामबर्ग, तिथे लीग आणि चषक दोन्ही. मग ग्रीसच्या ऑलिंपियाकोसकडून २०१२ आणि २०१३ ची युरोलीग (युरोपातल्या क्लबांची सर्वांत वरची स्पर्धा), पुढे सीएसकेए मॉस्कोकडून २०१६ आणि २०१९ ची. शेवटची चार वर्षं मिलानमध्ये खेळून २०२४ मध्ये निवृत्ती. या यादीत उडी कुठेच नाही. प्रत्येक पायरीवर त्याने पुढच्या पायरीला लागणारी एक गोष्ट कमावली: वेरोलीत मिनिटं, बामबर्गमध्ये युरोलीगचा अनुभव.

जागा किती, ते आधी बघा

आयपीएलमध्ये अकरा जणांत चारच परदेशी खेळवता येतात, त्यामुळे चांगला परदेशी गोलंदाजही मोसमभर बाकावर बसतो. युरोपातल्या देशोदेशींच्या लीगमध्ये हेच चालतं, फक्त प्रत्येक देशाचा नियम वेगळा. युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बोझमन निकालानंतर युरोपीय संघाच्या नागरिकांवर 'परदेशी' म्हणून मर्यादा घालणं अवघड झालं. अमेरिकन पासपोर्टवर मात्र ती उरलीच.

जर्मनीत १२ जणांच्या यादीत किमान ६ जर्मन लागतात. उरलेल्या सहा जागांवर पासपोर्ट कुठला हे फारसं बघत नाहीत, म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या अमेरिकनाला जर्मनी सोपी पडते. स्पेनमध्ये युरोपबाहेरच्यांच्या जागा फार थोड्या, आणि त्या जागांवर आधीच नाव कमावलेले लोक बसलेले असतात. कॉलेजमधून थेट तिथे जाणारे विरळाच. इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत संघामागे मोजून दोन परदेशी. याचा अर्थ तीस-पस्तीस मिनिटं खेळायला मिळेल, पण संघ चार सामने हरला तर पहिला बळीही त्या दोघांतलाच. युरोलीगमध्ये पासपोर्टची मर्यादा नाही. त्यामुळे मोठे क्लब जास्त अमेरिकन ठेवतात आणि देशांतर्गत सामन्यात एक-दोघांना साध्या कपड्यांत बसवतात. सही करण्यापूर्वी थेट विचारा: यादीत युरोपबाहेरचे किती, आणि मी त्यांतला कितवा?

दुसरा पासपोर्ट मिळण्यासारखा असेल तर तो एजंट शोधायच्याही आधी मिळवा. आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिकमधल्या, युरोपीय संघाशी कोटोनू करार (आता त्याच्या जागी सामोआ करार) केलेल्या देशांचे नागरिक काही लीगमध्ये परदेशी धरले जात नाहीत, आणि तेवढ्यावर एखाद्याचा भाव बदलतो. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात वाढलेल्या मराठी घरातल्या मुलाला ओसीआय कार्डाचा इथे काही उपयोग नाही, हेही सांगून टाकतो.

कॅलेंडर आणि एजंट

बाजाराचं वर्ष असं चालतं. एप्रिलमध्ये व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथला कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या ६४ खेळाडूंची स्पर्धा होते. जुलैत लास व्हेगासची समर लीग. दोन्हीकडे युरोपीय क्लबांचे लोक वह्या घेऊन बसलेले असतात. जूनच्या शेवटापासून युरोलीगचे क्लब जागा भरतात, जुलैत मधले, ऑगस्टमध्ये उरलेले. मध्य ऑगस्टला सराव सुरू, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला लीग, मे-जूनमध्ये शेवट. एनबीएच्या सराव शिबिराचं बोलावणं येईल म्हणून सप्टेंबरपर्यंत थांबलेल्या मुलाच्या वाट्याला नंतर कोणाच्या तरी दुखापतीने रिकामी झालेली जागा येते, आणि तीही दोन महिन्यांच्या करारावर. खेळाडू नोंदवायची मुदत बहुतेक लीगमध्ये फेब्रुवारी-मार्चच्या आसपास संपते.

एजंटकडे फिबाचा, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक महासंघाचा, परवाना हवा. परवानाधारकांची यादी फिबाच्या संकेतस्थळावर असते, नाव तिथे स्वतः शोधा. एनबीएत एजंटला जास्तीत जास्त ४ टक्के, तेही खेळाडूच्या खिशातून. युरोपात रूढ दर १० टक्क्यांपर्यंत आणि ते क्लब भरतो. अनेकदा अमेरिकन एजंट एक आणि त्या देशातला दुसरा, ही रक्कम दोघं वाटून घेतात. हे ठीक आहे. ठीक नाही ते असं: नोंदणीसाठी, व्हिडिओसाठी किंवा 'निवड शिबिरा'साठी आगाऊ पैसे मागणारा माणूस. क्लबने एजंटचे पैसे थकवले तर ते तुमच्या पगारातून कापले जाणार नाहीत, हे वाक्य करारात घाला.

व्हिडिओ पाच ते सात मिनिटांचा पुरे. डंक एकच ठेवा. पिक अँड रोलमधले (साथीदार बचावपटूची वाट अडवतो तो डाव) दोन्ही बाजूंचे निर्णय, मागे धावत जाऊन केलेला बचाव, कमजोर हाताने दिलेले पास ठेवा. सोबत दोन पूर्ण सामने द्या, त्यातला एक हरलेला. प्रशिक्षक सिनर्जी या व्हिडिओ सेवेवर सगळे सामने बघतातच, तेव्हा लपवून फायदा नाही.

क्लबची पारख

ऑफरचा आकडा बघण्याआधी दोन शोध घ्या. फिबा, ज्यांच्यावर नवे खेळाडू नोंदवायला बंदी आहे अशा क्लबांची यादी प्रसिद्ध करते. आणि जिनिव्हात बसणारा बास्केटबॉल लवाद, ज्याला सगळे बॅट म्हणतात, आपले बरेचसे निवाडे संकेतस्थळावर टाकतो. तिथे क्लबचं नाव शोधा. दहा वर्षांत एक निवाडा दिसला तर घाबरू नका. तीन वर्षांत चार दिसले तर पैसे उशिरा येणार हे धरून चाला. नाव बदलून, नवी कंपनी काढून खेळणारे क्लबही असतात, म्हणून गावाच्या नावानेही शोधा. मग मागच्या मोसमात तिथे खेळलेल्या अमेरिकनाला फोन करा आणि एकच प्रश्न विचारा: एप्रिलचा पगार कधी आला? ऑक्टोबरचा सगळीकडे वेळेवर येतो.

खालच्या श्रेणीत महिन्याला दीड-दोन हजार युरो हातात पडतात, घर आणि जेवण वेगळं. युरोलीगच्या वरच्या टोकाला हेच वर्षाला लाखो युरोंत जातं. पहिल्या वर्षी वेळेवर मिळणारे दोन हजार, कागदावरच्या चार हजारांपेक्षा जास्त असतात.

करारात काय हवं

रक्कम 'निव्वळ' आहे का, हे पहिल्या ओळीत स्पष्ट हवं. युरोपात पगार बहुधा करानंतरचा सांगतात आणि कर क्लब भरतो. नुसता आकडा लिहिला असेल तर तिथेच थांबा. हप्ते दहा, प्रत्येकाची तारीख लिहिलेली. पहिला हप्ता किंवा काही आगाऊ रक्कम वैद्यकीय तपासणी झाली की लगेच.

वैद्यकीय तपासणीचं कलम नीट वाचा, कारण क्लबला हात झटकायला सर्वांत सोपी पळवाट हीच. पोहोचल्यापासून ४८ किंवा ७२ तासांत तपासणी व्हावी, निकाल लेखी मिळावा, आणि त्या मुदतीत क्लबने हरकत घेतली नाही तर खेळाडू उत्तीर्ण समजावा, अशी तीन वाक्यं हवीत. तिसरं नसेल तर सहा आठवड्यांनी, संघ हरायला लागला की, गुडघ्याचा जुना एमआरआय निघतो. इटलीत स्पर्धात्मक खेळासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र कायद्याने सक्तीचं आहे आणि हृदयाची तपासणी कडक असते, श्रम करतानाच्या ईसीजीसकट. अमेरिकेत पास झालेला खेळाडू तिथे अडकू शकतो. हृदयाबद्दल आधी कधी काही निघालं असेल तर कागद सोबत न्या आणि विमानात बसण्याआधी क्लबच्या डॉक्टरला पाठवा.

करार हमीचा हवा: दुखापत झाली किंवा खेळ घसरला तरी पूर्ण पगार. 'चाचणी काळ' नावाचं कलम या हमीवर बोळा फिरवतं. चाचणी काळ द्यावाच लागला तर त्याची शेवटची तारीख लिहा, 'एक महिना' असं मोघम नको.

उशिराचं कलम दोन टप्प्यांचं असतं. ठरल्या तारखेनंतर साधारण १५ दिवस उलटले की सराव आणि सामने थांबवायचा हक्क. ३० ते ४५ दिवस उलटले की लेखी नोटीस देऊन करार संपवायचा आणि उरलेल्या मोसमाचा पूर्ण पगार मागायचा हक्क. दिवस किती ते घासाघिशीवर ठरतं, पण दोन्ही टप्पे लिहिलेले हवेत.

वादाचं कलम तर शब्दशः बॅटच्या संकेतस्थळावरून उचला. त्यात पाच गोष्टी येतात: वाद बॅटपुढे जाईल, एकच लवाद असेल आणि त्याची नेमणूक बॅटचे अध्यक्ष करतील, स्थान जिनिव्हा, भाषा इंग्रजी, आणि निर्णय एखाद्या देशाच्या कायद्याच्या कलमावर नाही तर न्यायबुद्धीने होईल. हे कलम नसेल तर तुमचा दावा त्या गावच्या कोर्टात, त्या गावच्या भाषेत चालेल. करार दोन भाषांत असला तर मतभेदात इंग्रजी मजकूर ग्राह्य, हेही लिहा. सही केलेला करार एकच असावा. लीगला देण्यासाठी म्हणून कमी रकमेचा दुसरा कागद समोर आला तर पहिला तोच खरा हे लिहून घेतल्याशिवाय पेन उघडू नका.

बाकीचं पटकन. घर सज्ज, वीज-पाणी-इंटरनेटसकट. गाडी ऑटोमॅटिक, कारण युरोपात न सांगता मिळते ती हाताने गियर टाकायची, आणि आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघण्याआधी काढा. विमानाची तिकिटं किती, बदलता येणारी आहेत का. बोनस कशावर. दंडाची वरची मर्यादा किती, कारण क्लबचे अंतर्गत नियम बहुधा नंतर हातात ठेवतात आणि त्यात उशिरा येण्यापासून टेक्निकल फाउलपर्यंत सगळ्याला दर लावलेला असतो. नाताळची सुट्टी मिळेल ही आशा सोडा. बऱ्याच लीगमध्ये त्या आठवड्यात सामने असतात.

पोहोचायच्या आधीचे कागद

खेळायला तीन वेगवेगळ्या परवानग्या लागतात आणि त्या एकमेकींची जागा घेत नाहीत: देशाचा काम आणि राहण्याचा व्हिसा, लीगची नोंदणी, आणि फिबाच्या नियमांप्रमाणे आधीच्या देशाच्या महासंघाचं ना-हरकत पत्र. अमेरिकेतून पहिल्यांदा निघताना हे पत्र यूएसए बास्केटबॉलकडून येतं. पुढे एका देशातून दुसऱ्यात जाताना जुना क्लब 'करार संपलेला नाही' असं म्हणाला तर पत्र अडतं. म्हणून प्रत्येक क्लब सोडताना करार संपल्याचा सही-शिक्क्याचा कागद घेऊन निघा.

शेंगेन क्षेत्रात व्हिसाशिवाय १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. त्यावर सराव सामने खेळवून 'व्हिसा होईल नंतर' म्हणणारे क्लब आहेत. जन्मदाखला आणि एफबीआयचा चारित्र्य दाखला ॲपोस्टिलसह (परदेशात ग्राह्य धरला जाणारा सरकारी शिक्का) आधीच तयार ठेवा. ऑगस्टमध्ये दक्षिण युरोपातली सरकारी कचेरी अर्धी रिकामी असते.

कोर्टवर काय बदलतं

कॉलेजमधून आलेल्याला तीन गुणांची रेघ नवी नाही. २०१९ पासून पुरुषांच्या कॉलेज खेळातही ती फिबाचीच, ६.७५ मीटरवर आहे. एनबीए किंवा जी लीगमधून आलेल्याला ती जवळ वाटते, तिथे ७.२४ मीटर. कॉलेजवाल्याला अडचण घड्याळाची होते: हल्ल्याला ३० ऐवजी २४ सेकंद, अर्धं मैदान ओलांडायला १० ऐवजी ८. वेळ १० मिनिटांचे चार भाग, पाचव्या फाउलला बाहेर. टाइमआउट फक्त प्रशिक्षक मागू शकतो. खेळाडूने कितीही हात केले तरी शिट्टी वाजणार नाही.

सर्वांत जास्त चेंडू हातचे जातात ते पहिल्या पावलावर. ड्रिबल सुरू करताना टेकलेला पाय उचलण्याआधी चेंडू हातातून सुटलेला हवा. अमेरिकेत याकडे काणाडोळा होतो, युरोपातला पंच ट्रॅव्हल देतो, आणि पहिल्या महिन्यात सामन्यामागे दोन-तीनदा देतो. उन्हाळ्यात रोज शंभर वेळा: पकड, आधी चेंडू जमिनीकडे, मग पाऊल. दोन्ही बाजूंनी.

दुसरा मोठा फरक बचावाचा. एनबीएसारखा बचावाचा तीन सेकंदांचा नियम इथे नाही, त्यामुळे उंच माणूस रिंगखाली मुक्काम ठोकतो. एनबीए किंवा जी लीगमधली मोकळी वाट तिथे बंद असते. लागतो तो फ्लोटर (उंच बचावपटूच्या डोक्यावरून हळूच टाकलेला चेंडू), मधल्या अंतरावरचा फेक, आणि दुसरा बचावपटू अंगावर आला की कोपऱ्यात जाणारा पास. उलट सेंटरसाठी एक देणगी आहे: चेंडू रिंगला लागला की तो कोणीही उडवू किंवा आत ढकलू शकतो. अमेरिकन मुलं सवयीने हात मागे घेतात. हाइन्ससारखा कमी उंचीचा सेंटर इथे टिकला तो पाय हलवून, बचावात माणसांची अदलाबदल झाली की चपळ गार्डसमोर उभा राहून.

आकड्यांचं भान ठेवा. ४० मिनिटांच्या, दहा जण वाटून खेळणाऱ्या सामन्यात १२ ते १५ गुणांची सरासरी म्हणजे संघाचा मुख्य माणूस. घरून 'एवढेच?' असं विचारतील. आणि शेवटच्या मिनिटात, १८ गुणांनी हरत असताना, चेंडू घेऊन उभं राहू नका. बरोबरीत सुटलेल्या संघांचा क्रम आपसातल्या सामन्यांच्या निकालावर, आणि मग त्या सामन्यांतल्या गुणफरकावर लागतो. घरच्या सामन्यात १२ ने जिंकला असाल तर परतीच्या सामन्यात ११ ने हरणं आणि १३ ने हरणं यात पात्रता फेरीचा फरक असू शकतो. खालच्या टोकाला तर श्रेणीतून घसरणं आहे, म्हणजे गावातल्या लोकांच्या नोकऱ्या.

पैसे थकले तर

तारीख उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी ई-मेल करा: किती, कधीचे, करारातलं कलम कितवं. तोंडी आश्वासनाला उत्तर म्हणून 'आज तुम्ही असं म्हणालात' असा ई-मेल लगेच पाठवा. मुदत पूर्ण होईपर्यंत सरावाला जात राहा. रागाने विमान पकडलं की क्लब म्हणतो खेळाडूच पळाला, आणि मग निवाडा कुठेही जाऊ शकतो. मुदत संपली की आधी लेखी नोटीस, मग सामान.

बॅटकडे दावा लावताना परत न मिळणारं शुल्क भरावं लागतं, ते दाव्याच्या रकमेनुसार वाढतं. वर लवादाच्या खर्चाची आगाऊ रक्कम. क्लबने आपला वाटा भरला नाही, आणि बहुधा भरत नाही, तर तोही तुम्हालाच भरावा लागतो. जिंकल्यावर निवाड्यात परत मिळतो. मधल्या काळात दुसरीकडे खेळून मिळालेले पैसे भरपाईतून वजा होतात. घरी बसून राहिलात तर मिळू शकले असते तेवढेही वजा होऊ शकतात, म्हणून नवा क्लब शोधत राहा आणि शोधल्याचे ई-मेल जपा. निवाडा न पाळणाऱ्या क्लबवर फिबा खेळाडू नोंदणीची बंदी घालते. पैसे खरे निघतात ते याच भीतीने, बहुधा ऑगस्टमध्ये, जेव्हा क्लबला नवे अमेरिकन नोंदवायचे असतात.

अमेरिकेचा कर

अमेरिका नागरिकाच्या जगभरच्या उत्पन्नावर कर लावते, राहा कुठेही. परदेशी उत्पन्नाची सूट फॉर्म २५५५ वर मिळते, पण एक सोपी कसोटी सलग १२ महिन्यांत ३३० पूर्ण दिवस अमेरिकेबाहेर असण्याची आहे. दहा महिन्यांचा मोसम खेळून उन्हाळा घरी काढणारा तिथे नापास होतो. मग दुसरा मार्ग म्हणजे परदेशात भरलेला कर अमेरिकेच्या करातून वळता करून घेणं, फॉर्म १११६. त्यासाठी क्लबने तुमच्या नावे कर खरंच भरल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि क्लबने भरलेला तो करही अमेरिकेच्या हिशेबात तुमचंच उत्पन्न धरला जातो. 'निव्वळ' करारात हे प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत द्यायचं ते लिहिलेलं नसेल तर पुढच्या वसंतात तुम्ही ई-मेल करत बसाल. परदेशी खात्यांत मिळून कधीही १० हजार डॉलरच्या वर रक्कम गेली तर अमेरिकन अर्थखात्याच्या फिनसेन विभागाचा फॉर्म ११४ वेगळा भरायचा, कर लागो न लागो.

दुसरं वर्ष

'एक अधिक एक' करारात दुसऱ्या वर्षाचा निर्णय कोणाचा, हे बघा. क्लबचा असेल तर तुम्ही चांगलं खेळलात की स्वस्तात अडकता, वाईट खेळलात की क्लब तुम्हाला सोडून देतो. निर्णयाची तारीख जूनच्या आत हवी, बाजार उघडायच्या आधी.

एनबीएत परत जायचं दार उघडं ठेवायचं असेल तर सुटकेचं कलम पहिल्याच करारात घाला, मग ते कितीही अशक्य वाटो. अँथनी पार्कर मकाबी तेल अवीवबरोबर २००४ आणि २००५ ची युरोलीग जिंकून २००६ मध्ये टोरंटोला गेला. पी. जे. टकर इस्रायल, युक्रेन, ग्रीस, इटली असं फिरून २०१२ मध्ये बामबर्गबरोबर जर्मन विजेता झाला, त्याच वर्षी फिनिक्सने त्याला घेतलं, आणि २०२१ मध्ये तो मिलवॉकीबरोबर एनबीए विजेता होता. त्या कलमात तीन आकडे हवेत: कोणत्या तारखेपर्यंत निघता येईल, क्लबला किती भरायचे, आणि त्यातले किती तुमच्या खिशातून. एनबीएचा संघ ही रक्कम पूर्ण भरू शकतोच असं नाही. त्याच्या वाट्याला नियमाने वरची मर्यादा आहे; तिच्यापुढचे पैसे खेळाडूच्या पगारातून जातात.